गोव्यात घरचं इंटरनेट: आधी वायर बघा, मग प्लॅन, आणि ईमेल वेगळा ठेवा

नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलेले असोत की गावच्या घरात पहिल्यांदाच नेट घेणारे असोत, बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘किती एमबीपीएसचा प्लॅन घेऊ?’ हाच असतो. गोव्यात हा प्रश्न तिसऱ्या नंबरावर येतो. पहिला प्रश्न असा, की तुमच्या वाड्यापर्यंत कोणाची वायर आली आहे? दुसरा, ती तुटली तर जोडायला कोण येतं आणि किती वेळात? शंभर एमबीपीएसची लाईन जुलैत आठ दिवस बंद राहिली, तर तिच्यापेक्षा चाळीसची चालू लाईन कधीही बरी.

वाड्यावर चौकशी

कंपनीच्या साइटवर पिनकोड टाकला की ‘सेवा उपलब्ध’ असं हिरवं उत्तर येतं. त्यावर जाऊ नका. पिनकोड अख्ख्या पोस्टाच्या हद्दीला एकच असतो. वायर मात्र देवळाकडच्या वाड्यात असते आणि ओहोळापलीकडच्या वाड्यात नसते. म्हणून आधी शेजारच्या चार घरांत विचारा. कोणाचं नेट आहे, हे तर विचाराच. त्याशिवाय गेल्या पावसात ते किती दिवस बंद होतं, तक्रार केल्यावर माणूस कुठून येतो (त्याच तालुक्यातून की दुसऱ्या टोकावरून), आणि रात्री नऊ-दहाच्या सुमारास व्हिडिओ अडकतो का, हेही विचारा. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. दिवसा सगळ्यांचंच नेट पळतं. प्रोव्हायडरने किती ग्राहक एकाच लाईनीवर कोंबलेत, ते रात्री कळतं.

मग रस्त्यावर येऊन वर बघा. खांबावर किंवा कंपाउंडच्या भिंतीवर काळा किंवा करडा प्लास्टिकचा डबा दिसेल आणि त्यातून बारीक काळ्या वायरी घरांकडे गेलेल्या असतील. तो फायबर (प्रकाशाने इंटरनेट नेणारी काचेची बारीक वायर) वाटून देणारा डबा. तुमच्या घरापासून तो जितका जवळ तितकं चांगलं. लांब असेल तर जादा वायरीचे पैसे मागितले जाऊ शकतात. शिवाय माडाची झावळ पडून तुटायला, माकडांनी ओढायला तितकीच जास्त वायर उघड्यावर राहते.

खांबांविषयी एक गोष्ट लक्षात ठेवा. खांब वीज खात्याचे असतात आणि त्यांवरच्या इंटरनेटच्या वायरी खाजगी. परवानगी आणि थकलेल्या भाड्याच्या वादातून वीज खात्याने वायरी कापल्याचे प्रसंग गोव्यात घडले आहेत. त्यामुळे लहान प्रोव्हायडरकडून कनेक्शन घेताना ‘खांबांची परवानगी आहे ना?’ असं सरळ विचारायला हरकत नाही.

काय काय मिळतं

पणजी, मडगाव, म्हापसा, वास्को, फोंडा इथे दोन-तीन पर्याय सहज मिळतात. सत्तरी, सांगे, काणकोणच्या आतल्या गावांत एखादाच मिळतो आणि निवड आपोआप होऊन जाते.

घरापर्यंत फायबर येत असेल तर तेच घ्या, फार विचार करू नका. बीएसएनएल, जिओ, एअरटेल आणि बरेच स्थानिक प्रोव्हायडर फायबर देतात. बीएसएनएलच्या बाबतीत एक माहीत असू द्या: बऱ्याच ठिकाणी फायबर टाकणं आणि दुरुस्त करणं हे काम एखादा स्थानिक पार्टनर करतो. बिल बीएसएनएलचं येतं, पण लाईन जोडायला पार्टनरचा मुलगा येतो. म्हणून एका गावात ‘बीएसएनएल उत्तम’ आणि शेजारच्या गावात ‘बीएसएनएल नकोच’ असं ऐकायला मिळतं. दोन्ही खरं असतं. नाव तेच, पार्टनर वेगळा.

काही केबलवाले वाड्यातल्या एका घरापर्यंत फायबर आणतात, तिथे स्विच (एक लाईन अनेकांना वाटणारं यंत्र) ठेवतात आणि पुढे तांब्याची लॅन केबल ओढतात. ही सोय स्वस्त पडते, पण तिच्यात दोन खोडी आहेत. लॅन केबलची मर्यादा शंभर मीटर. त्यापुढे ओढली की लाईन पडत-उठत राहते. दुसरी म्हणजे वीज. मे अखेरीस पहिला गडगडाट झाला की तांब्यावरून झटका थेट तुमच्या राउटरच्या पोर्टात आणि तिथून कॉम्प्युटरात जातो. ‘फायबर’ म्हणून विकलेलं कनेक्शन खरंच फायबर आहे का, ते घरात शिरणाऱ्या वायरीवरून ओळखा. काडीएवढी बारीक, हिरव्या किंवा निळ्या चौकोनी टोकाची असेल तर फायबर. टेलिफोनच्या पिनेसारखी, पण रुंद पारदर्शक पिन असेल तर लॅन.

तिसरा पर्याय एअरफायबर. छतावर किंवा बाल्कनीत एक पांढरा डबा लागतो, तो टॉवरवरून ५जी घेतो आणि खाली घरात वायफाय देतो. जिओ आणि एअरटेल दोघांनीही तो २०२३ मध्ये आणला. फायबर येत नसेल आणि टॉवर समोर दिसत असेल तर पर्याय चांगला आहे. मध्ये माड-फणसांची दाट राई असेल तर मात्र विचार करा. ओली पानं हे सिग्नल शोषून घेतात, म्हणजे एप्रिलमधली स्पीड टेस्ट ऑगस्टचं काही सांगत नाही. किनारपट्टीवर दुसरी अडचण: टॉवर सगळ्यांचा असतो. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कळंगुट-बागा भरलं की त्या टॉवरवरचा तुमचा वाटा आक्रसतो.

सिमवर चालणारा हॉटस्पॉट हा चौथा पर्याय. तो मुख्य कनेक्शन म्हणून नको, आडवेळेसाठी ठेवा.

प्लॅनच्या कागदावर काय वाचायचं

जाहिरातीतली किंमत जीएसटीशिवाय असते. १८ टक्के धरले की ५९९ चा प्लॅन ७०६ रुपये ८२ पैशांना पडतो. त्यावर इन्स्टॉलेशन, मोडेमचं डिपॉझिट किंवा भाडं. कंपनी सोडताना डिपॉझिट परत मिळतं का, ते लेखी घ्या. व्हॉट्सअॅपवरचा मेसेजही चालेल.

एमबीपीएसला आठाने भागा. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी. हे न कळल्यामुळे ‘शंभरचा प्लॅन घेतला, डाउनलोड बाराने होतंय, फसवलं’ अशी तक्रार घेऊन लोक भांडायला जातात. खरी गरज किती, तर एचडी व्हिडिओला पाच, ४केला साधारण पंधरा एमबीपीएस, व्हिडिओ कॉलला दोन्ही बाजूंनी तीन-चार. चौघांच्या घराला पन्नास पुरतात. घरून काम करणारं कोणी असेल तर डाउनलोडपेक्षा अपलोडचा आकडा विचारा, कारण काही प्लॅनमध्ये तो बराच कमी असतो आणि जाहिरातीत छापत नाहीत.

‘अनलिमिटेड’च्या शेजारी बारीक फुली असते. बऱ्याच प्लॅनमध्ये महिन्याला ३३०० जीबीनंतर वेग दोन-चार एमबीपीएसवर येतो. ४के व्हिडिओ तासाला सातेक जीबी खातो, म्हणजे ही मर्यादा गाठायला महिन्यात चारशे सत्तर तास बघत बसावं लागेल. साध्या घराने तिची चिंता करू नये. पण स्वस्त प्लॅनमध्ये हीच मर्यादा हजार जीबी किंवा त्याखाली असते, तिथे नजर ठेवा.

वर्षाचे पैसे एकदम भरले की दोन महिने फुकट, अशी सवलत हमखास पुढे करतात. पहिल्या वर्षी ती घेऊ नका. महिन्या-महिन्याने भरा, एक पावसाळा जाऊ द्या. सप्टेंबरमध्ये लाईनीविषयी तुमचं मत चांगलं असेल, तर खुशाल वर्षाचं भरा.

घरी सीसीटीव्ही असेल आणि तो बाहेरगावाहून थेट बघायचा असेल, तर ‘पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा फक्त आपला असा पत्ता) मिळतो का?’ हे आधी विचारा. बहुतेक कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच पब्लिक पत्त्यामागे ठेवतात. राउटरच्या पानावर इंटरनेटचा आयपी १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आकड्याने सुरू होत असेल, तर तुम्ही अशाच सामायिक पत्त्यामागे आहात आणि बाहेरून घरात येणारी वाट बंद आहे. क्लाउडवर चालणाऱ्या कॅमेऱ्यांना याने फरक पडत नाही. जुन्या डीव्हीआरला (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्याला) पडतो.

कागदपत्रं साधी: आधार, पत्त्यासाठी लाईट बिल किंवा घरपट्टीची पावती. भाडेकरूंना करारपत्र आणि भिंतीला भोक पाडायची मालकाची परवानगी. ती आधी घ्या, ड्रिल हातात घेतलेला माणूस दारात उभा असताना नव्हे.

जोडणीच्या दिवशी

त्या दिवशी घरी थांबा. माणूस गेल्यावर सुधारता न येणाऱ्या चार-पाच गोष्टी तेव्हाच बघायच्या असतात.

मोडेम कुठे बसणार ते त्याच्यावर सोडू नका. त्याला दाराजवळची भिंत सोयीची, तुम्हाला घराचा मध्य. फायबर घरात दहा-पंधरा मीटर आत न्यायला काही अडचण नसते, फक्त आधी सांगावं लागतं.

भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडायला सांगा, म्हणजे पाणी आत येत नाही. वायर भोकात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या. वायरीवरून ओघळणारं पाणी त्या झोळाच्या तळाशी ठिबकतं. भोक सिलिकॉनने बुजवा. चिऱ्याच्या भिंतीत छोटा खिळा धरत नाही, पहिल्याच वाऱ्यात क्लिप सुटते. लांब स्क्रू आणि प्लग मारून घ्या. बाहेर दोन-तीन मीटर जादा वायर गुंडाळून ठेवली तर पुढे टोक खराब झाल्यावर कापून नवीन करता येतं.

बाहेरच्या वायरीला ताणासाठी पोलादी तार जोडलेली असते. ती बाहेरच कापून भिंतीला बांधायची, घरात आणायची नाही. फायबर काचेचं, त्यातून वीज येत नाही. ही तार मात्र आणते.

फायबर कोपऱ्यात काटकोनात दुमडू देऊ नका. बांगडीएवढं वळण ठेवलं की निश्चिंत. दुमडलेल्या काचेतून प्रकाश गळतो आणि मग वेग ‘कधी आहे, कधी नाही’ असा होतो, जो शोधायला सगळ्यात अवघड. टोकाचा जोड फ्युजन मशिनने (काच वितळवून जोडणाऱ्या यंत्राने) करून घेता आला तर उत्तम. हाताने दाबून बसवतात तो फास्ट कनेक्टर दमटपणात ढिला पडतो.

आता सगळ्यात महत्त्वाचा आकडा. माणसाला पॉवर मीटर लावून दाखवायला सांगा, किंवा मोडेमच्या पानावर ‘आरएक्स पॉवर’ (मोडेमपर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशाची ताकद) बघा. हा आकडा डीबीएम या मापात आणि उणे असतो; शून्यापासून जितका लांब, तितका प्रकाश कमी. उणे १८ ते उणे २३ डीबीएम असेल तर छान. उणे २५ म्हणजे काठावर. बहुतेक मोडेम उणे २७ च्या आसपास हात टेकतात, आणि पावसात जोडात पाणी शिरलं की दोन-तीन डीबी सहज जातात. तीन डीबी कमी म्हणजे अर्धा प्रकाश गेला. मे महिन्यात उणे २६ वर ‘चालतंय की!’ म्हणून गेलेली लाईन जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बंद पडते, त्याचं कारण हे. आकड्याचा फोटो काढून ठेवा. पुढे तक्रार करताना ‘स्लो आहे’ म्हणण्यापेक्षा ‘बसवताना उणे २१ होता, आज उणे २७ आहे’ म्हटलं की माणूस लवकर येतो.

स्पीड टेस्ट वायफायवर करू नका. लॅपटॉप लॅन केबलने जोडा, मगच करा. आकडा ९४ च्या आसपास अडकत असेल आणि प्लॅन दोनशेचा असेल, तर दोष लाईनीचा नाही. मोडेमचं ते पोर्ट शंभरचं आहे, किंवा केबलच्या आठ तारांपैकी चारच जोडल्या आहेत.

जाण्यापूर्वी त्याच्याकडून लॉगिनचं नाव-पासवर्ड, पीपीपीओई (नाव-पासवर्ड देऊन लाईन जोडायची पद्धत) असेल तर त्याचेही, आणि व्हीलॅनचा (कंपनीने त्या लाईनीला दिलेल्या खुणेचा) आकडा लिहून घ्या. उद्या स्वतःचा राउटर लावायचा झाला तर हेच लागतं. मोडेमच्या पानाचा पासवर्ड (पत्ता बहुधा १९२.१६८.१.१) लगेच बदला, तो ‘अॅडमिन-अॅडमिन’ ठेवणं म्हणजे दाराला कुलूप लावून किल्ली वर लटकवणं.

चिऱ्याची भिंत आणि वायफाय

जुन्या घराच्या फूटभर जाडीच्या चिऱ्याच्या किंवा मातीच्या भिंतीतून ५ गिगाहर्ट्झचं वायफाय एका खोलीपलीकडे जेमतेम पोहोचतं. २.४ गिगाहर्ट्झ दोन भिंती ओलांडतं, पण संथ असतं, आणि फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांच्या राउटरांशी भांडतं. तिथे चॅनल १, ६ किंवा ११ पैकी जो मोकळा असेल तो निवडा, मधले नकोत.

स्वस्तात ‘रेंज वाढवणारी’ यंत्रं मिळतात, ती टाळा. रिपीटर जो सिग्नल ऐकतो तोच पुन्हा बोलतो आणि वेग निम्मा करतो. राजांगणाच्या (मधे चौक असलेल्या) घरात किंवा दुमजली घरात खरा उपाय एकच: मोडेमपासून कॅट६ केबल ओढून दुसऱ्या टोकाला दुसरा राउटर अॅक्सेस पॉइंट (फक्त वायफाय देणारा) म्हणून लावणं. त्याचं डीएचसीपी (फोन-लॅपटॉपना घरातले आयपी पत्ते वाटण्याचं काम) बंद करा, केबल लॅनच्या पोर्टात घाला (बाहेरची लाईन घेणाऱ्या वॅनच्या नव्हे), आणि नाव-पासवर्ड पहिल्यासारखाच ठेवा. डीएचसीपी बंद करायचं विसरलात तर दोन दिवस सगळं ठीक चालतं आणि तिसऱ्या दिवशी निम्मे फोन नेटशिवाय राहतात.

लाईट गेली, गडगडाट झाला

लाईट गेली तरी फायबर चालूच असतं, फक्त तुमचा मोडेम बंद पडतो. बहुतेक मोडेम १२ व्होल्टवर चालतात आणि आठेक वॅट खातात. त्यासाठी अख्ख्या इन्व्हर्टरची गरज नाही. राउटरचा छोटा यूपीएस घ्या: १२ व्होल्ट, २ अँपियर, आत ८८०० एमएएच. सेलचा हा आकडा ३.७ व्होल्टवरचा असतो, म्हणजे साधारण ३२ वॅट-तास. तूट धरून तीन-साडेतीन तास निघतात. घेण्यापूर्वी मोडेमच्या अॅडॅप्टरवरचे व्होल्ट, अँपियर, पिनेची जाडी आणि मधली पिन धन आहे ना, हे जुळवून बघा. ९ व्होल्टच्या राउटरला १२ व्होल्ट दिले तर तो दुसरी संधी देत नाही.

गडगडाट सुरू झाला की अॅडॅप्टर सॉकेटमधून काढा आणि लॅन केबलीही काढा. स्विच बंद करणं पुरेसं नाही. फायबरचं टोक मात्र काढू नका. दर वेळी काढलं-घातलं की त्यावर धूळ बसते.

मोडेमचे दिवे वाचायला शिका, निम्मे फोन वाचतील. ‘लॉस’ लाल लुकलुकतोय, तर प्रकाशच येत नाही: वायर तुटली किंवा टोक निसटलं. ‘पॉन’ हिरवा पण लुकलुकतच राहतोय, तर प्रकाश आहे, पण पलीकडचं यंत्र मोडेमला ओळखत नाही. हे काम त्यांच्या ऑफिसात बसून होतं, घरी यायची गरज नाही. पॉन स्थिर आणि ‘इंटरनेट’ लाल, तर लॉगिन फसलं. आधी बिल भरलंय का ते बघा. सगळे दिवे हिरवे, व्हॉट्सअॅप चालतंय पण साइट उघडत नाहीत, तर डीएनएसची (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या सेवेची) भानगड, राउटरमध्ये डीएनएसच्या जागी ८.८.८.८ आणि १.१.१.१ टाका.

ईमेल

पहिला नियम: इंटरनेट देणाऱ्या कंपनीचा ईमेल पत्ता मुख्य पत्ता म्हणून वापरू नका. डायल-अपच्या काळात बीएसएनएलच्या संचारनेटचे पत्ते घेतलेल्यांना हे ठाऊक आहे. बँक, पॅन, गॅस, विमा सगळीकडे तोच पत्ता दिलेला असतो आणि कनेक्शन बदललं की तो हातातून जातो. जीमेल, आउटलुक, याहू किंवा स्वतःचं डोमेन, यांपैकी काहीही घ्या. मग वायर कोणाचीही असो, पत्ता तुमचाच.

फोनवर अॅप टाकलं, लॉगिन केलं की काम झालं. गुंता होतो तो कॉम्प्युटरवर थंडरबर्ड किंवा आउटलुकसारख्या प्रोग्राममध्ये, आणि प्रिंटर-स्कॅनरमध्ये.

पत्रं आणण्यासाठी आयमॅप निवडा, पॉप नको. आयमॅपमध्ये मूळ पत्रं सर्व्हरवर राहतात आणि फोन-लॅपटॉप दोन्हीकडे सारखी दिसतात. पॉप पत्रं ओढून आणतं, आणि ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ची खूण नसेल तर तिथून पुसतंही. घरातल्या वडीलधाऱ्यांची ‘फोनवरचे मेल गायब झाले’ ही तक्रार बहुतेकदा जुन्या कॉम्प्युटरवरच्या पॉपमुळे असते.

जीमेलसाठी येणारा सर्व्हर आयमॅप.जीमेल.कॉम, पोर्ट ९९३, एसएसएल. जाणारा एसएमटीपी.जीमेल.कॉम, पोर्ट ४६५ एसएसएल किंवा ५८७ स्टार्टटीएलएस. नावं अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायची. जाणाऱ्या सर्व्हरलाही नाव-पासवर्ड लागतो. ती खूण राहून जाते आणि मग पत्रं येतात पण जात नाहीत. याहूसाठी आयमॅप.मेल.याहू.कॉम ९९३ आणि एसएमटीपी.मेल.याहू.कॉम ४६५.

नेहमीचा पासवर्ड इथे चालत नाही, आणि निम्मे लोक इथेच अडतात. नवीन थंडरबर्ड किंवा आउटलुक गूगलचं लॉगिनचं पान उघडतं. तिथे साइन इन करा, बाकी काही नको. ज्यांना ते पान उघडता येत नाही (जुने प्रोग्राम, स्कॅन करून मेल करणारा प्रिंटर, मेलवर इशारा पाठवणारा डीव्हीआर) त्यांच्यासाठी अॅप पासवर्ड काढावा लागतो. गूगल खात्यात आधी टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा, मग अॅप पासवर्डचं पान उघडा, सोळा अक्षरं मिळतील, ती मधल्या जागा न सोडता टाका. पुढे कधी खात्याचा मुख्य पासवर्ड बदललात तर हे सगळे अॅप पासवर्ड रद्द होतात आणि प्रिंटर गुपचूप मेल पाठवणं बंद करतो. आउटलुक.कॉमच्या खात्यांना हाही मार्ग उरलेला नाही. साध्या पासवर्डचं लॉगिन मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२४ पासून बंद केलं. ऑफिस २०१० वर ते खातं जोडायची धडपड सोडा, थंडरबर्ड टाका.

सत्तरी-सांग्याच्या गावांत मोबाईलला रेंज नसते आणि ओटीपी येत नाही. फोनमध्ये वायफाय कॉलिंग चालू करा; घरच्या नेटवरून कॉल येतात आणि बहुतेक वेळा एसएमएसही. तरी भरवसा नको. गूगलचे दहा बॅकअप कोड छापून कपाटात ठेवा किंवा ऑथेंटिकेटर अॅप लावा; त्याला रेंजही लागत नाही आणि नेटही.

मेल जात नसेल तर

आधी एकच चाचणी. लॅपटॉप मोबाईलच्या हॉटस्पॉटवर घ्या आणि तोच मेल पाठवा. तिथूनही जात नसेल तर दोष सेटिंगमध्ये आहे, प्रोव्हायडरला फोन करू नका. तिथून गेला आणि घरच्या वायफायवरून अडला, तर पुढचं वाचा.

जाणारं पोर्ट २५ असेल तर ते बदलून ५८७ करा. स्पॅम रोखण्यासाठी घरगुती कनेक्शनवर २५ बंद ठेवणं ही जगभरची रीत आहे, आणि कंपनी ते उघडून देणार नाही.

दोन ओळींचं पत्र जातं, पण फोटो जोडला की बार अर्ध्यावर थांबतो? स्वतःचा राउटर लावलेल्यांना हे बरेचदा भेटतं. डेटा छोट्या पाकिटांतून जातो आणि पीपीपीओई लाईन प्रत्येक पाकिटातले आठ बाइट स्वतःसाठी घेते, म्हणून १५०० ऐवजी १४९२ उरतात. राउटरचा एमटीयू (पाकिटाचा कमाल आकार) १५०० वरच असेल तर मोठी पाकिटं वाटेत गळतात, लहान सुखरूप जातात. एमटीयू १४९२ करा. तरीही अडत असेल तर १४०० करून बघा.

जोडलेली फाइलच मोठी असेल तर गोष्ट वेगळी. जीमेलची मर्यादा २५ एमबी, पण मेलसाठी फाइलचं रूपांतर होताना ती एक तृतीयांशाने फुगते. अठरा एमबीच्या पुढची फाइल ड्राइव्हवर टाकून लिंक पाठवा.

‘सर्टिफिकेट चुकीचं आहे’ असा इशारा आला तर कॉम्प्युटरची तारीख बघा. मदरबोर्डचा सेल संपला की तारीख जुन्या वर्षावर जाते आणि सगळी सुरक्षित लॉगिन नाकारली जातात. पन्नास रुपयांच्या सेलाने भागतं.

गेस्ट हाऊस किंवा होमस्टे स्वतःच्या डोमेनवर चालवणाऱ्यांसाठी: घरच्या लाईनीवर मेल सर्व्हर ठेवू नका. घरगुती आयपी पत्ते स्पॅम रोखणाऱ्या याद्यांमध्ये आधीपासूनच असतात, त्यामुळे तुमचं बुकिंगचं उत्तर पाहुण्याच्या स्पॅममध्ये जाऊन पडेल. मेल होस्टिंग विकत घ्या आणि डोमेनच्या डीएनएसमध्ये एसपीएफ, डीकेआयएम आणि डीएमएआरसी या (मेल खरंच तुमच्या डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या) तिन्ही नोंदी घाला. एसपीएफची नोंद एकच असते. दुसरी सेवा जोडताना नवीन ओळ न घालता त्याच ओळीत भर घालायची. दोन झाल्या की दोन्ही निकामी.

तक्रार आणि कंपनी बदलणं

तोंडी तक्रार म्हणजे तक्रार नव्हे. कस्टमर केअरला फोन किंवा अॅपवरून नोंदवा आणि डॉकेट नंबर (तक्रारीचा नंबर) घ्या. मुदतीत काम झालं नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे तीस दिवसांच्या आत अपील करता येतं. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांनुसार प्रत्येक कंपनीला हा दुसरा टप्पा ठेवावा लागतो. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिथे लिहून वेळ घालवू नका. पैशांचा वाद असेल तर ग्राहक हेल्पलाईन १९१५.

बदलायचंच ठरलं तर नवीन लाईन आधी चालू करा, आठ-दहा दिवस दोन्ही ठेवा, मग जुनी सोडा. नव्या राउटरला जुन्याच वायफायचं नाव आणि पासवर्ड द्या, म्हणजे टीव्ही, कॅमेरे, फोन आपोआप जोडले जातात. ईमेलच्या सेटिंगला हात लावायची गरज नाही. फक्त ‘नवीन ठिकाणाहून लॉगिन’ असा इशारा येईल, त्याला हो म्हणा, पण तारीख-वेळ जुळतेय ना ते बघून. जुना मोडेम अॅडॅप्टरसकट परत द्या आणि पावतीवर त्याचा सिरियल नंबर लिहून घ्या. डिपॉझिट मागायला गेल्यावर तोच विचारतात.